टोपलीच्या झाकणावरची तसबीर

“हलू नका, बाई. पापणी पडली तर पडू द्या, पण मान हलवू नका. मी दहा म्हणेपर्यंत दोघी दगडाच्या व्हा.”

तसबीरवाल्याचा हा आवाज मला कुठेही ऐकू येतो. जात्यावर बसले असताना, मळ्यात शेवंती खुडताना, देवीपुढे डोळे मिटल्यावरसुद्धा. माणूस मुंबईकडचा होता. कापसाच्या पैशानं तेव्हा अमरावतीत काय काय येत होतं. पेढ्या आल्या, साहेब आले, तसा हाही आपला काळा तंबू आणि काचा घेऊन आला आणि बाजाराच्या कडेला राहिला. माझी धाकटी बहीण कौशल्या आणि मी त्याच्यापुढे बिनपाठीच्या बाकावर बसलो होतो. तिचे यजमान खुशालराव अकोल्याचे कापसाचे दलाल, हौस त्यांची. आधी त्यांनी स्वतःची तसबीर काढवली, मग म्हणाले, आता आलोच आहोत तर दोघी बहिणींचीही होऊन जाऊ दे. कौशल्याला सातवा लागला होता, बाळंतपणाला ती माझ्याकडेच आली होती, कारण आईबाप जाऊन आमचं माहेर म्हणजे मीच उरले होते. तिला हसू येत होतं. मी नजरेनं दटावलं तर आणखीच यायला लागलं. मान तर हलवायची नव्हती, म्हणून तिनं हळूच हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला, सगळं हसू त्या हातातून माझ्या गुडघ्यात उतरवलं. तो माणूस दहा म्हणाला तेव्हा माझ्या लुगड्यावर तिच्या पंजाच्या चुण्या पडलेल्या होत्या. तसबिरीत त्या चुण्याही आल्या आहेत.

या पौषातली गोष्ट. सकाळी अंघोळ करून मी देवापुढे बसले. देवांचं गंधफूल झालं. मग रोजच्यासारखी बाजूच्या कोनाड्यातल्या तसबिरीकडे वळले, पाण्यानं ओलं केलेलं बोट कुंकवात टेकवलं आणि कौशल्याच्या कपाळाला लावलं. ती सवाष्ण गेली, तिला कुंकू चुकायला नको, एवढाच विचार त्यामागं असे. बोट उचललं तर बोटाबरोबर तिचं कपाळ आलं. कांद्याच्या आतल्या सालीसारखा एक पापुद्रा, तपकिरी, बोटाच्या पेरावर चिकटलेला, आणि त्यात तिची डावी भुवई होती. मी बोट तसंच हवेत धरून बसले. पुसावं तर भुवई पुसली जाणार, परत लावावी तर ओल्या कागदाला आणखी धक्का लागणार. तोंडातून शब्द काढता येत नव्हता. अंबादेवीला फुलं वाहून घरी येईपर्यंत बोलायचं नाही असा माझा वर्षाचा नेम आहे, कौशल्याच्या लेकीसाठी, सत्यवतीसाठी माघात धरलेला. रोज एकशे आठ फुलं, एका दिवसाचाही खंड नाही. म्हणून मी गप्प बसून राहिले, आणि बोटावरची ती भुवई माझ्या डोळ्यांदेखत वाळली, आक्रसली आणि राईच्या दाण्याएवढी झाली.

तसबीरवाल्यानं सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. हा कागद अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप देऊन केलेला आहे, तो म्हणाला होता, याला ऊन नको, धूर नको, पाणी तर नकोच नको. मी ऊन चुकवलं. धूर चुकवला. पाणी मात्र रोज एक थेंब माझ्याच बोटानं नेऊन दिलं. वर्षभर. रोज तो कागद जरासा फुगत असणार, जरासा सुटत असणार, आणि मी मात्र हात जोडून, बहिणीची आठवण जपतेय अशा समाधानात उठत असे. देवळाच्या वाटेवर मला सारखं वाटत होतं की वाटेतली माणसं माझ्या उजव्या हाताकडे बघताहेत. फुलं वाहताना मी त्या बोटाला वगळून वाहिली.

घरी येऊन पहिलं बोलले ते सासूबाईंशी. “आत्याबाई, कौशीचं कपाळ निघालं.”

पार्बताबाई सरकी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी तवाच सांगतलं होतं. अंड्याचा कागद देवापाशी ठेवाचा नसते. देवानं झटकला.”

“देवानं नाही, मीच काढलं. बोटानं.”

“मंग तर झालंच,” त्या म्हणाल्या. ही तसबीर घरात आली तेव्हापासून त्यांनी तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पाटावर बसल्या की पदर त्या बाजूनं ओढून घेत.

खरं तर तसबीर कोनाड्यात सगळ्यात शेवटी गेली. चार वर्षांत मी तिला कुठे कुठे ठेवलं ते आठवून मला त्या दिवशी माझाच राग आला. काचेच्या चौकटी मुंबईहून यायच्या, गवतात गुंडाळून, पेढीवाल्यांच्या दिवाणखान्यासाठी. फुलं आणि भाजी विकणाऱ्या माळ्याच्या घरी तसली चौकट कशी येणार. तसबीरवाल्यानं आम्हाला नुसता कागद दिला होता, पिंपळाच्या पानाएवढा पातळ. पहिले काही दिवस तो मी लुगड्यांच्या घडीत ठेवला, तर त्याची पानाच्या विड्यासारखी सुरळी झाली. मग पाट्याखाली दाबून ठेवला, तीन दिवस वाटण झालं नाही म्हणून घरात कुरकुर झाली. सरळ झाल्यावर ज्वारीच्या पिठाची खळ करून मी तो कणगीच्या वरच्या भिंतीला चिकटवला. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तसबिरीला फुगे आले, मागून मुंग्यांनी खळ खायला घेतली. ओल्या फडक्यानं शेकत शेकत सोडवली तेव्हा भिंतीचा पोपडाही तिच्याबरोबर आला. मागच्या बाजूला अजून आमच्या भिंतीची माती आणि गव्हाचा भुसा आहे. मग चार कोपऱ्यांना बाभळीचे चार काटे टोचून दाराशेजारी लावली. एका दुपारी वारा आला आणि एक कोपरा काट्याला ठेवून तसबीर खाली पडली. मग दोरी बांधून, ज्वारीचा धांडा मधोमध चिरून त्याचा चिमटा केला आणि तिला वाळत घातल्यासारखी टांगली. ते दिसायला बरं होतं, पण चुलीच्या धुरानं दोघींची तोंडं पिवळी व्हायला लागली. तेव्हा कोनाडा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता नीट झालं. प्रत्येक वेळी मीच तिचं काहीतरी काढून घेतलेलं असायचं, आधी सपाटपणा, मग कोपरा, मग रंग, आता भुवई.

एवढं असूनही मी तितकी घाबरले नसते, जर ती तसबीर माझी एकटीची असती. मार्गशीर्षात वलगावला लग्न होतं. खुशालराव तिथे आले होते, बरोबर त्यांची दुसरी बायको मैना आणि सत्यवती. कौशल्या तापानं गेली तेव्हा पोर दीड वर्षाची होती, आता पाचवं लागलंय. मैना बावीसएक वर्षांची असेल. आमच्यात पहिली गेलेली असली की दुसरीनं तिचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेलीचा जीव शांत राहतो, आणि पहिलीचं माहेर ते दुसरीचंही माहेर होतं. त्या नात्यानं मैना मला अक्का म्हणते. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांत तो टाक होता, नखाएवढा, त्यावर सोनारानं ठोकलेली एक बाईची आकृती. सत्यवती तिच्या मांडीवर बसून टाक बोटांत फिरवत होती.

“मावशे,” ती मला म्हणाली, “ही माही माय होय ना?”

“होय.”

“ईले नाक काहून नाही?”

“चांदीत नाक नीट उमटत नाही, बाई.”

“डोये बी नाहीत. मंग ते पाहते कशी?”

मैना हसली. “अक्का, दिवसभर हेच. वढू वढू माह्या मानीले वळ पडले. रात्री झोपीत बी इच्या मुठीत टाक असते. मी म्हणतो, माय माही, मले जरा श्वास घेऊ दे.”

मी तिला विचारलं की खुशालरावांकडेही तसबिरीची एक प्रत होती, ती का नाही दाखवत. मैनेनं पदर सारखा केला. तिच्या माहेरच्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं, मेलेलीचं तोंड घरात नको, आणि खुशालरावांनी ती प्रत मोर्णा नदीच्या पाण्यात सोडून दिली होती. तसबीरवालाही कधीच निघून गेला, म्हणजे आता जगात एकच उरली, ती माझ्या कोनाड्यातली. मला त्या वेळी त्याचा, खरं सांगायचं तर, थोडा आनंदच झाला. असा आनंद झाला हे देवीला सांगायला मला नंतर दोन दिवस लागले. आणि तेवढ्यात सत्यवतीनं माझा हात धरून पुन्हा विचारलं, “मावशे, तुह्याजोळ नाकवाली हाय?” मी म्हणाले, “हाय. तुले दाखवीन. तुह्या घरी आणून देईन, तुहीच म्हणून.” बोलून गेले. मैनेकडे पाहिलं. तिनं पोरीच्या मुठीतून टाक सोडवून घेतला. मग म्हणाली, “आणा, अक्का. मी नाही म्हणत नाही. पण भिताडाले खिळा ठोकाचा नाही, चिकटवाचं बी नाही. ते माह्याकडं पाहत असली का माह्या हातची भाकर करपन, मले ठाऊक हाय. पोरीले पाहाचं तवा पाहू द्या, मंग झाकता आली पायजे.”

तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. मेलेल्या बाईला गळ्यात बांधून जी रोज चूल पेटवते, तिला एवढं मागायचा हक्क आहे. मी परत आले आणि ठरवलं, माघात नेम पुरा झाला की अकोल्याला जाईन. तोवर तसबीर कोनाड्यात, तोवर रोजचं कुंकू. आणखी एक महिना ती माझी, असा हिशेब मनाशी होता. तो मी कोणाला सांगितला नव्हता.

भुवई निघाली त्याच दिवशी दुपारी माझे यजमान, पुंजारामजी, बाजारातून भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन आले. पाणी पिऊन म्हणाले, “तुमचे खुशालराव अकोला सोडून चालले म्हणते. तिकडं अमेरिकेतली लढाई सरली, कापसाले कोणी कुत्रं इचारत नाही. सक्रांत झाली का बिऱ्हाड घेऊन मुंबईले.”

“कोण म्हणलं?”

“अकोल्याचा गाडीवान. रिकामीच गाडी घेऊन परवा वापस चालला. म्हणे, पहिले कापूस नेत होतो, आता हवा नेऊन राहिलो.”

संक्रांतीला सहा दिवस होते. अकोला बैलगाडीनं तीन दिवस. मी हातातलं सूप खाली ठेवलं. नेम पुरा व्हायला वीस दिवस होते. मनात दोन्ही आकडे शेजारी शेजारी आले आणि मी एकाकडे बघायचं टाळत राहिले. कोणी तरी जाणाऱ्याबरोबर तसबीर पाठवावी? गाडीवानाच्या घोंगडीत तिची पुन्हा सुरळी झाली असती. आणि पाठवली तरी मैनेच्या हाती नुसता कागद पडणार. तो ती कुठे ठेवणार, पेटीत, कपड्यांखाली, आणि मुंबईच्या वाटेवर कुठेतरी तो कागद नुसता कागद होऊन जाणार. वीस दिवस थांबावं? मग पोर मुंबईला, कुठल्या आळीत, कोणाला ठाऊक. मी मळ्यात गेले, विहिरीच्या काठावर बसले. शेवंती अजून बरीच होती. अकरा महिने ज्या लेकराच्या आयुष्यासाठी मी फुलं मोजली, ते लेकरू जिवंत होतं, पाचव्या वर्षात होतं आणि नाक नसलेल्या चांदीला आई म्हणत होतं. देवीला माझी फुलं हवी होती की माझा न चुकणारा पाय हवा होता, हे मला ठरवता येईना. मात्र सत्यवतीला काय हवं होतं ते तिनं स्पष्ट सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात मी फुलं वाहिली आणि मनातल्या मनात म्हणाले, उद्यापासून येणार नाही. कुठून काही आवाज आला नाही. मीही थांबले नाही.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे नेम मोडते.”

“मोडतो.”

“अकरा महिने पाण्यात?”

“पाण्यात काहून? पोर हाय ना. तिच्याच कामाले जाऊन राहिली.”

“माह्या हातानं वाहू का तवरोक? मी बी म्हातारी रिकामीच हाय.”

“नका, आत्याबाई. नेम माहा होता. मी देवीले सांगून आली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले आणि कामाला लागले, कारण हातात एक दिवस होता आणि तसबीर अजून कोनाड्यात टेकून उभी होती. खिळा नको, खळ नको, काटा नको, धूर लागायला नको, झाकता आली पाहिजे, प्रवासात वाकायला नको. मैनेच्या अटी आणि माझ्या चुका एकत्र केल्या तर काय उरतं ते मी शोधत होते. दारात पुंजारामजींनी आणलेल्या टोपल्या होत्या. फुलांच्या टोपलीला आम्ही बुरडाकडून एक सपाट झाकण विणून घेतो, बांबूच्या पातळ कामट्यांचं, चौकोनी, हलकं, वाकत नाही आणि त्यातून वारा जातो म्हणून फुलं कुजत नाहीत. मी एक झाकण उचलून तसबीर त्यावर ठेवली. चारही बाजूंनी दोन दोन बोटं जागा उरली.

“ते झाकण नवं हाय,” पुंजारामजी म्हणाले.

“म्हणूनच घेतलं.”

“आन मी फुलं कायनं झाकू?”

“पानं घाला वरून.”

“अवं, गिऱ्हाईक म्हणन, माळ्यानं टोपलीची टोपी इकून खाल्ली,” ते म्हणाले, पण चाकू घेऊन झाकणाच्या कडेच्या कुसळ्या तासायला स्वतःच बसले. धुतलेल्या जाड कापडाचा एक तुकडा मी झाकणावर ताणून, कामट्यांतून सुई घालून चहूकडून टाचला. मग तसबीर वर ठेवून कोळशानं चार कोपऱ्यांच्या खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर तिरपी चीर दिली, काजं करतात तशी कड शिवून घेतली की सुतं निघत नाहीत. त्या चिरांत कोपरे सरकवायचे. तीनच कोपरे धड होते. चौथा बाभळीच्या काट्यानं नेलेला, तिथली चीर मी आत घेतली. कोपरे सरकवले, झाकण उभं धरलं, उलटं धरलं, हलवलं. तसबीर जागेवर राहिली. तिला कुठे काही चिकटलं नव्हतं, कुठे काही टोचलं नव्हतं. चार वर्षांत मला हे सुचलं नाही. आपल्याच दारात रोज पडलेली वस्तू.

मग मी ती समोर ठेवून लांबून पाहिली, पोर पाहील तशी. तेव्हा लक्षात आलं की यात दोन बायका आहेत. डावीकडची मी, नाक, डोळे, भुवया सगळ्या शाबूत, कारण स्वतःच्या कपाळाला कोणी तसबिरीत कुंकू लावत नाही. उजवीकडे कौशल्या, कपाळाच्या जागी पांढरा चट्टा, एक डोळा भुवईशिवाय. सत्यवती बोट कुठे ठेवील ते मला दिसलं. काजळाची काडी हातात घेऊन मी बराच वेळ बसले. भुवई मला येत होती, तिची भुवई टोकाला जराशी वर जायची. पण मी काढली असती ती माझी झाली असती, आणि मग पोर आयुष्यभर माझ्या हाताला आई समजली असती. काडी ठेवून दिली. कात्री घेतली. मधून कापलं तर माझी बाजू माझ्याकडे राहील, असंही मनात आलं, ते खोटं कशाला सांगू. पण मधून कापायचं तर तिचा हात कापावा लागत होता, मनगटाच्या वर.

मी कात्री ठेवली आणि उरलेल्या कापडाची एक पट्टी काढली. ती झाकणाच्या डाव्या कडेला टाचून माझ्या अंगावरून आणली. आधी खांदा गेला, मग तोंड गेलं. कौशल्याचा हात पट्टीखाली शिरला तो तसाच राहू दिला. कोणीतरी पलीकडे बसलंय आणि तिनं त्याला धरलंय एवढं दिसतं, कोण ते दिसत नाही. टाके लांब लांब घातले, एक दोरा ओढला की सुटतील असे. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर ती ओढील. माझ्या तोंडावरून शेवटचा टाका घालताना गुडघ्याला मुंग्या आल्या. मी उठले नाही, गाठ मारली. वरून एक पडदा शिवला, खाली सोडला की तसबीर झाकली जाते, उचलून मागे टाकला की उघडते. मागे सुताचा फास ठेवला. खुंटीला अडकवा, पेटीला टेकवा, मुंबईच्या कुठल्याही खोलीत भिंतीला धक्का न लावता राहील. मैनेला भाकऱ्या करायच्या असतील तेव्हा तिनं पडदा सोडावा.

सासूबाई केव्हा येऊन मागे उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी वाकून पडदा दोन बोटांनी वर केला, डोळे बारीक केले. बराच वेळ पाहत होत्या.

“तू कुठं गेली?” त्या म्हणाल्या.

“हाय, कापडाखाली.”

“भुवई नाही एक.”

“मी सांगीन तिले. माह्या बोटानं गेली म्हणून सांगीन.”

“सांगजो,” त्या म्हणाल्या आणि पडदा हलकेच खाली सोडला.

गाडी उजाडता उजाडता निघायची होती. मी अंघोळ केली, देवांचं केलं. कोनाडा रिकामा होता, तिथे कुंकवाचे वर्षभराचे तांबडे डाग पडले होते; ते मी पुसले नाहीत. मळ्यात गेले नाही. सासूबाईंनी तिळाचे लाडू फडक्यात बांधून दिले, आणि वर एक हिरवा चोळीचा खण ठेवला. “मैनेले,” त्या म्हणाल्या. “पोरगी आपलीच हाय ते बी. खाली हातानं जाऊ नको.” पुंजारामजी गाडीपर्यंत आले. गाडीवानाला म्हणाले, “बाई थोडंच बोलते, पण रस्त्यानं झाकणावर बसू देणार नाही कोणाले.” गाडीवान म्हणाला, बसाले हाय कोण, गाडीत हवाच तर हाय. मी चढले. झाकण दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभं धरलं आणि त्याला पाठीकडून लाडवांचं गाठोडं टेकवलं. बैल उठले. बडनेऱ्याच्या वाटेला आणखी पाचसहा रिकाम्या गाड्या लागल्या होत्या, त्यांच्या मागोमाग आमची गेली.